निमखाऱ्या पाण्यातले आठ

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून प्रयोग. नोंद ठेवली नाही की पुढे लोक विचारतात आणि आपल्याला आकडे आठवत नाहीत.

परिस्थिती अशी. सासूबाई गेल्या त्याला सात महिने झाले. सासरे तेव्हापासून आमच्याकडे. पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. दिवसभरात चार शब्द बोलतात. हो, नको, असू, दे. त्यातले शेवटचे दोन एकत्र.

हिचं म्हणणं, संध्याकाळी अर्धा तास बाबांजवळ नुसतं बसत जा. बसणं हा उपाय नाही. ते स्वतः सात महिने बसलेलेच आहेत, काय फरक पडला? शिवाय मला बसवत नाही. हे लिहितानाही उभा आहे.

उपाय मला मंगळवारी दातांच्या डॉक्टरकडे सुचला. तिथे माशांची टाकी आहे. चाळीस मिनिटं सगळे पेशंट टाकीकडे बघत गप्प. (मीही. पण मला भुलीचं इंजेक्शन दिलेलं होतं.) मासे माणसाला शांत करतात. बाबा आधीच शांत आहेत असं ही म्हणाली. पण ती शांतता वेगळी. तिला हा फरक कळत नाही. ही एक्स-रे काढते, त्यामुळे हिला माणसाच्या आरपार दिसतं, पण वरवरचं दिसत नाही.

साधे मासे नकोत. ते कोणीही पाळतं. मी निमखाऱ्या पाण्यातले पाळणार. नदी समुद्राला मिळते तिथलं मचूळ पाणी, धड गोडं नाही, धड खारं नाही. अवघड असतं म्हणतात. गेली एकोणीस वर्षं मी लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना फोनवर शांत ठेवतोय. मला अवघडाची सवय आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी
टाकी आली. खिडकीसमोर ठेवली. सासऱ्यांना बाहेरचं दिसेनासं झालं. त्यांनी खुर्ची सरकवली. मग मी टाकी सरकवली. मग त्यांनी परत खुर्ची. टाकी एकूण तीनदा हलली, माझी पाठ एकदा. शेवटी भिंतीलगत.

ही घरी आल्यावर म्हणाली, बाबांना विचारलंत का? पेशंटला विचारून औषध देत नाहीत.

शनिवार, १५ फेब्रुवारी
माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराच्या बाह्या कायम कोपरापर्यंत ओल्या. तो म्हणाला, आधी महिनाभर मासे न घालता टाकी चालू ठेवा, पाणी मुरू द्या. मी म्हटलं, लोणचं नाही घालत आहे. तो म्हणाला, लोणचं लवकर होतं. उद्धट आहे, पण माल चांगला दिसला.

समुद्राचं मीठ म्हणून एक वेगळं पाकीट दाखवत होता. मीठ ते मीठ. घरात आहे.

पाण्यातला खारटपणा मोजायची काचेची नळी मात्र घेतली. पाण्यात सोडली की तरंगते. आकडा त्याने कागदावर लिहून दिला.

रविवार, १६ फेब्रुवारी. दुपारी ४
आकडा १.०५. स्वयंपाकघरातल्या दोन्ही पुड्या घातल्या. नळी कमरेपर्यंत पाण्याबाहेर येऊन उभी राहिली.

रात्री जेवणात मीठ नव्हतं. ही माझ्याकडे बघत राहिली. सासरे अळणी जेवले आणि असू दे म्हणाले. जेवण झाल्यावर ते टाकीपाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नळीवरचा आकडा वाचला. नंतर टेबलावरचा दुकानदाराचा कागदही वाचला. रस उत्पन्न झालेला आहे!

सोमवार, १७ फेब्रुवारी. सकाळी ७.४५
ऐतिहासिक दिवस. मी ऑफिसला निघताना सासरे स्वतःहून म्हणाले, "शून्य."

पाचवा शब्द! मी बॅग खाली ठेवली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, बाबा, असं वाटतं खरं, पण आयुष्य शून्य नसतं. त्यांनी परत म्हटलं, "एक शून्य राहिलंय." मी म्हटलं, आम्ही आहोत ना. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.

ऑफिसातून हिला क्लिनिकमध्ये फोन केला. ही म्हणाली, पेशंट मशीनखाली आहे, नंतर बोलू.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
कागद सहज परत पाहिला. आकडा १.००५ आहे. दुकानदाराचं अक्षर वाईट. सगळं पाणी काढून टाकलं. समुद्राचं मीठ आणलं, कारण घरात आता दुसरं नव्हतंच.

शनिवार, २२ फेब्रुवारी
मासे आणले! महिना थांबणार होतो, पण आठवडा हासुद्धा महिन्याचाच भाग आहे.

आठ आहेत. बंबलबी गोबी. बोटाच्या पेराएवढे, अंगावर काळे-पिवळे पट्टे, रस्ता बंद असल्याच्या पाटीसारखे. पोटाखाली चिकटायची सोय आहे. काचेला चिकटतात आणि तिथेच राहतात. पोहत नाहीत. वीस मिनिटं पाहिलं, एक हलला. मी टिचकी मारल्यावर.

सासऱ्यांनी मासे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत मासे.

सोमवार, २४ फेब्रुवारी
दाण्यांचा डबा आणलाय, तो खात नाहीत. दाणे तळाला जाऊन फुगतात. मी आणखी घालतो. भूक लागली की खातील. मीही लहानपणी असाच होतो.

ऑफिसातून घरी तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी सासऱ्यांनी उचलला. मी विचारलं, सगळं ठीक? ते म्हणाले, "आठ," आणि ठेवून दिला. आमच्यात संवाद सुरू झाला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.३०
दुपारचा फोन. ते म्हणाले, "सहा." मी म्हटलं, नीट मोजा, दगडामागे असतील. ते गेले, बराच वेळ लागला, परत आले. "सहा."

घरी आलो तर ओट्यावर वाटी आणि वाटीवर बशी झाकलेली. उघडून पाहिली. झाकली.

माल सदोष होता. सासरे मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अमोनिया. पाणी बदला. नळाचं तसंच घालू नका, क्लोरीन असतं. चौतीस वर्षं मीच घालत होतो."

चौदा शब्द! बोटांवर मोजले. सासरे पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होते, हे मी विसरलोच होतो. जुन्या नोकरीची आठवण येणं हे बरं होण्याचं लक्षण आहे. आशय दुय्यम.

रविवार, २ मार्च
दुकानदाराकडून पाणी स्थिर करायचं निळं औषध आणलं. दोन झाकणं घातलं. सासरे 'नको' म्हणाले. एका शब्दावर परत आले. पण चढउतार व्हायचेच.

शनिवार, ८ मार्च
पाणी काचेसारखं स्वच्छ! निळ्या औषधाचा गुण. मासे थोडे फिरूही लागले.

एक चिंता. गॅलरीत दोन बादल्या कायम भरलेल्या असतात, वर फडकं. फरशी ओली. सासऱ्यांच्या पायजम्याच्या कडा ओल्या. कुठेतरी गळतंय. प्लंबरला फोन केला पाहिजे.

आणि सासरे एका लहान वहीत लिहीत असतात. मला वाटलं, मनातलं दुःख कागदावर उतरतंय. ते अंघोळीला गेल्यावर वही उघडली. तारखा आणि आकडे, पानभर. एके ठिकाणी 'निळं औषध ओतून दिलं, बाटलीत साधं पाणी'. याचा अर्थ लागला नाही. वयोमानाने असं होतं.

शुक्रवार, १४ मार्च. सकाळी ८.०५
मासे दाणे खात नाहीत ते नाहीतच. त्यांना जिवंत अन्न लागतं. आर्टेमिया म्हणून एक बारीक किडा असतो, त्याची अंडी मिळतात. खाऱ्या पाण्यात घालून खालून हवा सोडली की दीड दिवसात बाहेर येतात. बुधवारी मी बाटली बाथरूममध्ये लावली, तिथे ऊब असते म्हणून.

आज दाढी करताना घाईत पाय लागला. किडे बाहेर आलेले होते हे सिद्ध झालं, कारण ते हिच्या कामावरच्या बुटात गेले. केशरी रंग. वास.

ही अनवाणी दारापर्यंत गेली, थांबली आणि म्हणाली, "तुम्ही एक दिवस काहीच करू नका." विश्रांती घ्या असं सुचवायचं असावं.

सोमवार, १७ मार्च
स्वयंपाकघराच्या खिडकीत नवी बाटली. उलटी टांगलेली, बूड कापलेलं, हवेची नळी अगदी टोकाशी, शेजारी दिवा. ही म्हणाली, बाबांची आहे, हात लावायचा नाही. सासरे ड्रॉपरने ते किडे टाकीत सोडतात. सहाही गोबी काच सोडून धावतात. खरोखर धावतात! आपली कल्पना घरात अशी रुजलेली पाहून समाधान वाटतं.

शनिवार, २२ मार्च
जिन्यात होतो तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. ही आणि सासरे. मी दार उघडलं. थांबले. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाले. दोघंही टाकीकडे बघत होते. मीही बघितलं. हसण्यासारखं काही दिसलं नाही.

सासरे आता दोन पोळ्या खातात. बाजारात एकटे जाऊन येतात. ऑफिसात मी सांगितलं की मी एक माणूस बरा केला. मॅनेजर म्हणाले, बघायला पाहिजे. सहा एप्रिलच्या रविवारी या म्हटलं. सीनियर पदाची यादी एप्रिलमध्ये लागते, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

आज चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमध्ये एक बाई अडकल्या होत्या. मी त्यांना डोळे मिटून गोबी डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. त्यांनी दुसऱ्या कोणाला फोन द्या म्हटलं.

सोमवार, ३१ मार्च
सासऱ्यांचा फोन ऑफिसात आला. स्वतःहून! आवाज वेगळाच. "नळीत अंडी आहेत. नर राखण करतोय. घरी आल्यावर काच वाजवू नका."

नळी म्हणजे बेसिनखालच्या पाइपाचा तुकडा. मी तो महिनाभर शोधत होतो.

घरी आलो. नळीचं तोंड भिंतीकडे. काही दिसत नाही. फक्त एक शेपूट, तीही अधूनमधून.

बुधवार, २ एप्रिल
सासरे दिवसभर टाकीपाशी. म्हणतात आठ-नऊ दिवसांत पिल्लं निघतील. नर खातपीत नाही, बाहेर येत नाही, पंख हलवून अंड्यांना वारा घालत राहतो. मादी कधीच निघून गेली.

रात्री भांडी आवरताना हिने सांगितलं. ही जन्मली तेव्हा सासूबाई तापाने फणफणल्या होत्या, हॉस्पिटलात. सासऱ्यांनी रजा टाकली आणि बावीस दिवस एकट्याने हिला सांभाळलं. उन्हाळा होता, वीज सारखी जायची. वर्तमानपत्राची घडी करून पाळण्याशी वारा घालत बसायचे. हे त्यांनी आज सांगितलं. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. सासूबाईंचं नाव घेऊन सांगितलं. ही नळ सोडून तशीच उभी होती. पाणी वाहून चाललं होतं, मी नळ बंद केला.

मी विचारलं, हे प्रयोगाच्या निष्कर्षात लिहू का? ही बाहेर निघून गेली. लिहितो.

शुक्रवार, ४ एप्रिल. संध्याकाळी ७
अंडी अजून बघितलेली नाहीत. माझ्या घरात, माझ्या टाकीत, माझ्या पाइपात. आरसा लावून पाहिला. वाकून पाहिलं. स्टुलावर चढून पाहिलं. सासऱ्यांनी खुर्ची टाकी आणि माझ्यामध्ये आणून ठेवली. ऊन येत असेल तिकडे.

काही करायचं नाही म्हणजे माणसाने नक्की काय करायचं?

रविवार, ६ एप्रिल. दुपारी १२.४०
मॅनेजर अकराला आले. सासरे अंघोळीला गेलेले. ही दूध आणायला. मी सगळं समजावलं, मचूळ पाणी, अमोनिया, क्लोरीन. ते म्हणाले, छान, पण मासे कुठायत? चार दगडामागे होते. एक काचेला, पण तो हलत नव्हता. ते म्हणाले, स्टिकर आहे का? मी अंड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, कुठे?

एकोणीस वर्षं नोकरी झाली. माणूस घरी आलेला. मी बाही वर केली, दोन बोटांनी नळी उचलली, तोंड त्यांच्याकडे केलं, मोबाइलचा टॉर्च लावला. एक क्षण. फार तर दोन. आत काचेचे बारीक मणी लावल्यासारखं होतं. प्रत्येकात दोन काळे ठिपके. डोळे! मॅनेजर म्हणाले, अच्छा. मी नळी होती तशीच ठेवली.

सासरे बाहेर आले. त्यांनी माझी ओली बाही पाहिली. मॅनेजरांना नमस्कार केला. खुर्चीत बसले. सगळ्यांनी चहा घेतला.

त्याच दिवशी. दुपारी ४.१५
नळी रिकामी आहे. नर बाहेर दगडावर बसलाय. पोट गोल.

घाबरला की नर अंडी खातो म्हणे. निसर्ग. मी सासऱ्यांना म्हटलं, निसर्गापुढे कोणाचं चालत नाही. ते असू दे म्हणाले.

बुधवार, ९ एप्रिल
ही कारणं असू शकतात. एक, उष्णता. दोन, मॅनेजरांनी लावलेलं अत्तर. तीन, नर अननुभवी. हिला वाचून दाखवलं. हिने माझ्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि परत माझ्या हातात दिला.

तीन दिवस सासरे बोललेले नाहीत. ते चार शब्दही नाहीत. ऑफिसातून फोन केला तर उचलतात. श्वास ऐकू येतो. ठेवतात. उलट्या बाटलीतलं पाणी गढूळ झालंय. ही आज रजेवर होती. दिवसभर बाबांजवळ.

शनिवार, १२ एप्रिल. सकाळी ११
माफी मागितली. म्हणजे त्यांना सांगितलं की अंडी परत होतील, मॅनेजर आले नसते तर मी उचललीच नसती, दोनच क्षण होते. माफी जरा लांबली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "जावईबापू, तुम्हाला काय बघायचं होतं?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होते. मी म्हटलं, आहेत का ते बघायचं होतं.

ते म्हणाले, "होती."

मी चपला घालून खाली गेलो. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो. दोनदा.

रविवार, २० एप्रिल
सासरे आपल्या घरी परत गेले. नऊ महिने कुलूप होतं. शुक्रवारी जेवताना म्हणाले, जातो आता, तिकडचं बघायला हवं. आणि मासे नेऊ का म्हणून विचारलं. हिला विचारलं, मला नाही.

टेम्पो बोलावला. टाकीतलं अर्धं पाणी कॅनमध्ये, मासे झाकणाच्या डब्यात, डबा सासऱ्यांच्या मांडीवर. ब्रेक कसा मारायचा ते मी ड्रायव्हरला समजावलं. ही टेम्पोत बसली. मला जागा नव्हती. ही म्हणाली, पंधरा दिवस राहून येते.

म्हणजे प्रयोग यशस्वी. पेशंट आपल्या पायांवर उभा राहून घरी गेला. अशी केस दातांच्या डॉक्टरकडेही झाली नसेल.

यादी लागली. माझं नाव नाही. तांत्रिक अडचण असेल.

रविवार, ४ मे. संध्याकाळी ५
ही काल आली. घर मोठं वाटतं. नवा संकल्प. मडस्किपर! पाण्यातून बाहेर येऊन चिखलावर चालणारे मासे. अर्धी टाकी पाणी, अर्धी चिखल. आराखडा काढला. हिने पाहिला. तीच घडी.

दुकानात गेलो. मी चिखल म्हणताच दुकानदार म्हणाला, आधी सरांना विचारा. कोण सर? तर सासरे. मंगळवार आणि शुक्रवार दुकानात येतात, सगळ्या टाक्यांचं पाणी तपासून देतात. दुकानदाराच्या बायकोने त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवलीय. एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला दुकानदार म्हणाला, हे सरांचे जावई. गिऱ्हाईक म्हणालं, अच्छा, ते.

'ते' म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

रविवार, २५ मे. संध्याकाळी ७.२०
हिचा मोबाइल टेबलावर होता. मेसेज आला, फोटो उघडला गेला. टाकीचा कोपरा. काचेलगत बारीक बारीक टिंबं, प्रत्येकाला शेपूट. वर आणखी फोटो. पहिल्यावर तारीख ९ मे.

ही कपड्यांच्या घड्या करत होती. मी विचारलं, पिल्लं झाली? ही हो म्हणाली. कधी? झाले की पंधरा-सोळा दिवस. किती? "एकोणीस. बाबा रोज मोजतात." आणि मग आपणहून सांगू लागली. यावेळी नर नऊ दिवस हलला नाही. बाबांनी शेजारच्यांनाही आत घेतलं नाही. पिल्लं निघाली त्या सकाळी बाबांनी आईच्या फोटोपुढे उभं राहून सांगितलं म्हणे. सांगताना ही हसत होती. हिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत जवळून पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण करून ही म्हणाली, "तुम्ही याल म्हणून."

रागाने म्हणाली असती तर उत्तर होतं माझ्याकडे.

मी म्हटलं, बरं केलंत.